पहिली क्रूझ : मुंबईहून की सिंगापूरहून? (सोबत ज्येष्ठ नागरिक आणि लहान मूल)

गौरी_डोंबिवली
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटी क्रूझला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, पाच वर्षांची लेक आणि सासू-सासरे, दोघंही सत्तरी ओलांडलेले. सासूबाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे आणि गुडघे दुखतात. घर पूर्ण शाकाहारी, त्या कांदा-लसूणही खात नाहीत.

दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. एक मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप. दुसरा सिंगापूरहून पेनांग-फुकेत. खोली कुठली घ्यावी, बोट लागण्याचं काय, व्हिसाची भानगड किती, आणि तिकिटावर छापलेल्या रकमेच्या वर नेमके किती पैसे जातात, हे जाणकारांनी सांगावं. जाहिराती खूप वाचून झाल्या, आता नेमकी माहिती हवी आहे.

दर्यावर्दी
आधी समुद्राचं बघा, जहाजाचं नंतर.

अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. त्या काळात मुंबई-लक्षद्वीपचा विचारही नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळांचा दुसरा हंगाम असतो. २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या ओखीने लक्षद्वीपला चांगलाच तडाखा दिला होता. बाकी नोव्हेंबरअखेर समुद्र बहुधा शांत असतो, आणि फेब्रुवारी-मार्च सर्वांत उत्तम.

सिंगापूर-पेनांग-फुकेत हा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलय द्वीपकल्प. त्यामुळे मोठ्या लाटा तयार व्हायला लागणारी मोकळी लांबीच वाऱ्याला मिळत नाही. नोव्हेंबरात सिंगापूरला पाऊस भरपूर, पण पाऊस म्हणजे हेलकावे नव्हेत. फुकेतला तोवर पाऊस ओसरू लागलेला असतो.

जहाजाच्या आकाराचाही फरक पडतो. मुंबईहून निघणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ १९९० सालचं, सुमारे २११ मीटर लांब आणि साधारण ४८,५०० टनांचं. सिंगापूरचं ‘गेंटिंग ड्रीम’ ३३५ मीटर आणि दीड लाख टनांच्या वर. लाट तीच असली तरी दोन्हीकडे ती सारखी जाणवत नाही. दोन्ही जहाजांना पाण्याखाली पंख असतात, त्यांनी डावी-उजवीकडचं डोलणं कमी होतं. पुढून-मागून होणारा झोका मात्र पंखांनी थांबत नाही, त्यासाठी खोलीची जागाच नीट निवडावी लागते.

नकाशावाली
खोलीबद्दल लिहिते. वर-खाली होण्याची सर्वांत कमी जाणीव जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर होते. सर्वांत जास्त नाकाडाकडे आणि वरच्या मजल्यावर. महागड्या बाल्कनीच्या खोल्या वर असतात, म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी वरची बाल्कनी घेणं म्हणजे पैसे देऊन त्रास विकत घेणं.

बुकिंग करताना जहाजाचा मजलेवार नकाशा उघडा आणि आपल्या खोलीच्या थेट वरचा आणि खालचा मजला बघा. वरखाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर शांत झोप मिळते. वर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा नाचाची जागा असेल तर रात्री एकपर्यंत धडधड. अगदी पुढच्या खोल्यांना नांगराच्या साखळीचा आणि बंदराला लागताना आडव्या पंख्यांचा आवाज येतो, तोही सकाळी सहाला. नकाशात नाव नसलेला पांढरा चौकोन दिसला तर तिथे बहुतेक वेळा भटारखान्याची किंवा सामानाची जागा असते, त्याच्या शेजारची खोली टाळा.

सगळ्यांत स्वस्त असते ती ‘गॅरंटी’ खोली, म्हणजे प्रकार ठरलेला आणि क्रमांक कंपनी नंतर देणार. तरुण जोडप्याला ठीक. ज्येष्ठ सोबत असताना पन्नास-शंभर डॉलर वाचवायला ती घेऊ नका.

निवांत_नाशिककर
+१. खिडकी नसलेल्या खोलीत मिट्ट काळोख असतो, मूल रात्री उठलं तर घाबरतं. बॅटरीवरचा छोटा दिवा न्या.

वैद्य_सुनंदा
बोट लागू नये म्हणून औषध *आधी* घ्यायचं असतं. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री किंवा निघण्याआधी एक-दोन तास घेतात. झोप येते. पण सत्तरीच्या माणसांसाठी हे औषध निरुपद्रवी नाही. काचबिंदू असेल, प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्रास वाढू शकतो, आणि गुंगीत बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडण्याची भीती असते. दोन वर्षांखालच्या मुलांना तर देऊच नये. तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारून, घरीच एकदा घेऊन बघा, म्हणजे किती गुंगी येते ते कळेल.

गोळीशिवायचे उपाय : मोकळ्या हवेत या, क्षितिजाकडे बघा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, पोट रिकामं ठेवू नका. आल्याची वडी, कोरडी बिस्किटं जवळ असू द्या.

गौरीताई, सासूबाईंच्या बाबतीत दोन गोष्टी. इन्सुलिन खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये भरवशाने ठेवू नका. तो पेयं गार ठेवण्यापुरता असतो, काही जहाजांवर त्याचं तापमान पुरेसं खाली जात नाही. बुकिंगनंतर कंपनीच्या विशेष गरजांच्या विभागाला ईमेल करून औषधांसाठी फ्रिज मागा. सुया टाकायला वेगळा डबाही मिळतो. दुसरं, उलट्या होऊन जेवण गेलं नाही आणि इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं तर साखर एकदम खाली जाते. अशा वेळी डोस किती घ्यायचा हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. साखर मोजायचं यंत्र, पट्ट्या आणि ग्लुकोज हातातल्या पिशवीत ठेवा.

बंदरकाका
हातातल्या पिशवीचा मुद्दा महत्त्वाचा. बंदरावर मोठ्या बॅगा घेतात, क्ष-किरणातून जातात आणि खोलीबाहेर यायला संध्याकाळ होते. तोवर जवळ हवं ते : पासपोर्ट किंवा आधार, औषधं, चष्मा, मुलीचा एक कपड्यांचा जोड, पोहण्याचे कपडे. शेवटच्या रात्री उलटं होतं, अकरा-साडेअकराच्या आत बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे आणि चपला बाहेर काढून ठेवा, लोक सगळं भरून टाकतात आणि सकाळी स्लिपरवर उतरतात.

बॅगेत इस्त्री, किटली, छोटा राइस कुकर, आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला विस्तारित बोर्ड ठेवू नका. आगीच्या भीतीने या वस्तू काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. एक साधी युक्ती : खोलीच्या भिंती बहुधा लोखंडी असतात. चुंबकाचे आकडे नेले तर टोप्या, ओले कपडे, गळ्यातली कार्डं टांगता येतात.

मिरजेची_मीना
चुंबकाचे आकडे! वाचनखूण साठवली आहे.

सह्याद्री७७
थोडं वेगळं मत मांडतो. दोन रात्रींच्या मुंबई-गोवा क्रूझमध्ये गोवा फारसा मिळत नाही. जहाज मुरगाव बंदराला लागतं, लगत वास्को. तिथून पणजी रस्त्याने पाऊणएक तास, जुनं गोवं त्याहून थोडं पुढे. उतरायची रांग आणि परत चढायची वेळ वजा केली तर हातात मोजके तास उरतात. गोवा बघायचा तर रेल्वेने जा, चार दिवस राहा.

दर्यावर्दी
@सह्याद्री७७, गोवा बघण्यासाठी क्रूझ नकोच, हे पटलं. पण क्रूझ जमते का हे तपासायला दोन रात्री चांगल्या. पासपोर्ट नको, विमान नको, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून टॅक्सीने बॅलार्ड पियर. ज्येष्ठांना आवडलं तर पुढच्या वेळी मोठी करावी.

लक्षद्वीपबद्दल मात्र सावध करतो. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाळाच्या कड्यांमुळे खाजणात पाणी उथळ असतं, म्हणून जहाज बाहेर थांबतं आणि छोट्या होड्यांतून बेटावर नेतात. होडी जहाजाला लागून वर-खाली होत असते. खलाशी सांगेल तेव्हाच, होडी वर आलेली असताना पाऊल टाकायचं, आणि त्याचा तळहात न धरता एकमेकांची मनगटं धरायची. घामट तळहात सुटतो, मनगटाची पकड सुटत नाही. एका हातात पिशवी असेल तर ती आधी पुढे द्या. दुखऱ्या गुडघ्यांना हे अवघड आहे. शिवाय लाट वाढली तर होड्या सोडतच नाहीत आणि बेटाचा दिवस जहाजावरच जातो. बेटांवर जायला प्रवेश परवाना लागतो. तो सहसा कंपनीच काढते, पण फोटो आणि ओळखपत्र बरंच आधी मागते.

कोकणी_माणूस
विषय निघालाच आहे तर, मुंबई-गोवा बोट आपल्याला नवी नाही. भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ निघायच्या. जयगड, विजयदुर्ग, मालवण करत पणजीला. बंदर नसलेल्या ठिकाणी पडाव यायचे आणि माणसं दोरीच्या आधाराने उतरायची. आत्ता वर लिहिलेला मनगटाचा नियम तेव्हाचे तांडेलही सांगायचे. २०१८ साली ‘आंग्रिया’ने हा मार्ग पुन्हा चालू केला होता.

पुणेरी_प्रवासी
धागा भलतीकडे भरकटायच्या आत सिंगापूरच्या कागदपत्रांकडे येऊ.

१. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध हवा.
२. सिंगापूरचा व्हिसा *एकाहून अधिक प्रवेशांचा* हवा. विमानाने आलात तो पहिला प्रवेश, जहाजाने परत आलात तो दुसरा. व्हिसा हातात आला की त्यावरचा प्रवेशांचा रकाना वाचा. एकच प्रवेश असेल तर चेक-इनलाच अडवतात आणि पैसे परत मिळत नाहीत.
३. एसजी अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. क्रूझहून परतताना पुन्हा नवीन भरावं लागतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.
४. मलेशियाने भारतीयांना व्हिसा माफ केला आहे आणि डिजिटल अरायव्हल कार्ड ठेवलं आहे. मलेशिया आणि थायलंड, दोन्हीकडचे नियम बदलत असतात. बुकिंगच्या दिवशी एकदा आणि निघण्याआधी आठवडाभर पुन्हा एकदा सरकारी संकेतस्थळावर बघा.

आणि सिंगापूरला जहाजाच्या आदल्या दिवशीच पोहोचा. रात्रीचं विमान पकडून त्याच दुपारी जहाजावर चढायचा बेत आखू नका. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

सिॲटलची_स्वाती
मूळ प्रश्नाशी थेट संबंध नाही, पण अमेरिकेतले मराठी वाचक इथे बरेच आहेत. सिॲटलहून अलास्काला जाणारी मोठी जहाजं व्हिक्टोरियाला किंवा दुसऱ्या कॅनेडियन बंदरात थांबतातच. कारण १८८६ चा कायदा. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदर न करता, पुन्हा अमेरिकेतच सोडता येत नाही. भारतीय पासपोर्ट असेल आणि ग्रीन कार्ड नसेल तर त्या संध्याकाळच्या चार तासांसाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो. “आम्ही उतरणारच नाही” हे चालत नाही. आईवडील पर्यटक व्हिसावर आलेले असतील तर कॅनडाच्या व्हिसाला काही महिने हाताशी ठेवा.

एच-१बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) शिक्का संपला असेल आणि आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) वैध असेल तर कॅनडा-मेक्सिकोहून तीस दिवसांच्या आत परतताना सवलत मिळते. कॅरिबियन बेटांसाठी ही सवलत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण) व्हिसावाल्यांना आहे. बहामाची क्रूझ घेताना एच-१बीवाले इथेच अडकतात.

आनंद_ठाणे
युरोपचंही तेच. मार्सेलिस-बार्सिलोना-रोम करून मध्ये ट्युनिस किंवा तुर्कस्तान असेल तर शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या बाहेर) जाऊन परत यावं लागतं, म्हणजे बहुप्रवेशी व्हिसा हवा. आणि जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेलं असलं तरी जहाज चिव्हिटावेक्कियाला लागतं, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. बंदराचं खरं नाव वाचल्याशिवाय मार्ग ठरवू नका.

हिरवी_वाट
सगळे खर्चाचं आणि सोयीचं बोलताय. मला ही सुट्टीच मान्य नाही. हजारो माणसं चार तासांसाठी एका छोट्या गावात उतरवायची, तिथे पाणी प्यायचीही जागा राहत नाही. व्हेनिसने २०२१ मध्ये पंचवीस हजार टनांवरची जहाजं जुदेक्का कालव्यातून बंद केली. ग्रीसने २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला गर्दीच्या हंगामात माणशी वीस युरो कर लावला. ते उगाच नाही.

दर्यावर्दी
@हिरवी_वाट, गर्दीचा मुद्दा मान्य, आणि तो कमी करणं प्रवाशाच्या हातातही आहे. त्या दिवशी त्या बंदरात आणखी किती जहाजं आहेत हे बंदरांच्या वेळापत्रकात दिसतं. एकच जहाज असेल असा दिवस निवडावा. गावात जेवावं, गावातला मार्गदर्शक घ्यावा, म्हणजे पैसा तिथे राहतो.

सांडपाण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. प्रक्रिया न केलेलं मलजल किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही, आणि त्यापलीकडेही जहाज चालू असतानाच सोडता येतं. प्लास्टिक कुठेच टाकता येत नाही. नियम पाळले जातात की नाही यावर लक्ष हवं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

हिरवी_वाट
वेळापत्रक बघून दिवस निवडायची सूचना चांगली आहे. बाकी मत कायम.

हिशेबनीस
आता वरखर्च. परदेशी क्रूझच्या तिकिटावर हे चढतं :

बंदर कर आणि शुल्क, जे जाहिरातीतल्या आकड्यात नसतात. बक्षिसी, माणशी दर रात्री साधारण सोळा ते वीस डॉलर, लहान मुलांनाही बहुतेक ठिकाणी पूर्ण. पाच जण, चार रात्री म्हणजे हीच रक्कम सव्वातीनशे ते चारशे डॉलर. पेयांवर आणखी अठरा-वीस टक्के सेवाशुल्क. इंटरनेट वेगळं. जहाजाच्या सहली महाग. भारतातून पॅकेज घेतलं तर टीसीएस (पैसे भरतानाच कापला जाणारा कर) कापतात, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पॅन कोणाच्या नावावर लागला आहे तेवढं बघून ठेवा. सासऱ्यांच्या नावावर लागला आणि ते विवरणपत्र भरत नसतील तर पैसा अडकतो.

फोन चढताक्षणी एअरप्लेन मोडवर. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते उपग्रहावर चालतं आणि आपल्या नेहमीच्या आंतरराष्ट्रीय पॅकमध्ये बसत नाही. बंद खिशात फोन नुसता अपडेट होत राहिला तरी हजारोंचं बिल येतं.

विमा घेताना ‘क्रूझ’ समाविष्ट आहे का ते वाचा. जहाजावर दवाखाना असतो, पण तो बिल आपल्या जहाजावरच्या खात्यावर लावतो आणि आपण नंतर विमा कंपनीकडे मागायचं. हेलिकॉप्टरने किंवा बोटीने हलवण्याचा खर्च धरलेला हवा. आणि सासूबाईंचा मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा. लपवला तर दावा नाकारतात.

गौरी_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार! कांदा-लसणाचं कोणी सांगेल का? आणि मुलीला मुलांच्या क्लबमध्ये ठेवलं तर चालेल?

जैन_भोजन
मुंबईच्या जहाजावर जैन जेवण असतंच. सिंगापूरच्या जहाजांवरही भारतीय जेवण मिळतं, पण कांदा-लसूण नको हे बुकिंगनंतर लगेच, निदान दीड-दोन महिने आधी लेखी कळवा. नुसतं ‘व्हेज’ लिहिलंत तर कांदा येणार. चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य भोजनगृहातल्या प्रमुख वाढप्याला भेटा आणि *दुसऱ्या दिवशीच्या* जेवणाची ऑर्डर आदल्या रात्रीच द्या. आयत्या वेळी मागितलं तर उकडलेला बटाटा आणि सॅलडवर भागवावं लागतं, कारण ग्रेव्ह्या आधीच करून ठेवलेल्या असतात.

खाकरे, चिवडा असा बंद पाकिटातला कोरडा खाऊ बहुतेक चालतो. घरी शिजवलेलं नेऊ देत नाहीत. आणि जहाजावरची फळं पिशवीत घालून बंदरावर उतरू नका, बऱ्याच देशांत त्यावर दंड आहे.

बुफेत शिरण्याआधी हात साबणाने धुवा. नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाबाच्या विषाणूवर) सॅनिटायझरचा भरवसा नाही, साबण-पाणीच हवं.

नकाशावाली
मुलांच्या क्लबला बहुतेक जहाजांवर तीन वर्षांपासून घेतात, लंगोट सुटलेला असावा ही अट. पाच वर्षांची चालेल. पहिल्या दुपारीच नोंदणी करा. मुलीच्या मनगटावर एक पट्टा देतात, त्यावर तिचं आपत्कालीन जमण्याचं ठिकाण लिहिलेलं असतं. तो झोपतानाही काढू नका.

त्यावरून आठवलं, सुरक्षा कवायत टाळू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की ठरलेल्या ठिकाणी जमायचं. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडलं, बत्तीस जण गेले. त्यात आदल्याच बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. आता ती निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर घ्यावीच लागते. सासूबाईंना जिने जमत नाहीत हे तिथल्या माणसाला तेव्हाच सांगा. आगीच्या वेळी लिफ्ट बंद असतात, ज्यांना उचलून न्यावं लागेल त्यांची यादी ते वेगळी ठेवतात.

बंदरकाका
बंदरावर स्वतःच्या सोयीने फिरायला गेलात तर ‘सर्वांनी परत’ची वेळ लिहून घ्या, ती निघण्याच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधीची असते. घड्याळ *जहाजाच्या* वेळेवर ठेवा. थायलंड सिंगापूरहून एक तास मागे, जहाज मात्र बहुतेक वेळा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि माणसं तासाभराने चुकतात. कंपनीची सहल लांबली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

पुणेरी_प्रवासी
गौरीताई, आता मूळ प्रश्न. गुडघे, इन्सुलिन आणि लहान मूल हे तिन्ही एकत्र आहेत, म्हणून लक्षद्वीप नको. सिंगापूरहूनही फुकेतचा हट्ट नको. मोठी जहाजं पातोंगला दूर नांगर टाकतात आणि तिथेही होडीतूनच जावं लागतं. पेनांगला मात्र जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. सपाट पायऱ्यांवरून उतरलं की समोर जॉर्जटाउन, २००८ पासून जागतिक वारसा. लिटल इंडिया आणि मरिअम्मनचं देऊळ चालत किंवा सायकलरिक्षाने होतं, शाकाहारी दाक्षिणात्य जेवणही तिथेच. पोर्ट क्लांगलाही जहाज धक्क्याला लागतं, पण क्वालालंपूरला जायला तासाभराहून जास्त, तो दिवस सासू-सासऱ्यांनी जहाजावर घालवलेला बरा. बंदरात प्रवासी उतरले की तलाव आणि लिफ्ट रिकाम्या असतात.

गौरी_डोंबिवली
घरात वाचून दाखवलं. पेनांग-पोर्ट क्लांगवर एकमत झालं आहे. दोन खोल्या घेतोय, मध्यभागी, खालच्या मजल्यावर, खिडकीवाल्या. सासू-सासऱ्यांची शेजारचीच हवी.

नकाशावाली
मग क्रमांक नीट बघा. अनेक जहाजांवर सम क्रमांक एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात. ८१२० आणि ८१२१ अशा ‘शेजारच्या’ खोल्या घेतल्यात तर मध्ये अख्खं जहाज येईल. ८१२० आणि ८१२२ घ्या, आणि मधलं दार उघडतं का तेही विचारा. ती सोय मोजक्याच खोल्यांना असते आणि कुटुंबं ती आधी उचलतात. बाथरूमला उंबरा नसलेली, रुंद दाराची खोलीही मागता येते. त्याही थोड्याच असतात आणि संकेतस्थळावर बऱ्याचदा दिसत नाहीत, फोन करावा लागतो.

वैद्य_सुनंदा
तीच मागा. आणि औषधांच्या फ्रिजचं त्याच फोनमध्ये उरका.